आधी काय आणि मग काय? कॅप्टन जटारांची गोष्ट

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी मी पहिल्यांदा विमानात बसले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी! आमच्या कवठे येमाईतून एसटीने शिरूर, तिथून पुणे आणि लोहगावच्या विमानतळावरून थेट दिल्ली. बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन होतं. पापड, कुरडया आणि शेवयांचे खोके आधीच ट्रकने गेले होते. मागे राहिलो आम्ही दोघीच, मी आणि माझी भाची. निघताना येमाईच्या देवळात जाऊन नारळ फोडला होता, पण पोटातला गोळा काही जात नव्हता.

विमान सुटायच्या आधी ती हवाई सुंदरी उभी राहिली आणि पिवळा मास्क हातात धरून काहीबाही दाखवायला लागली. बाकीचे लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. मी मात्र शाळेतल्या पोरीसारखी डोळे फाडून बघत होते. विमानातला हवेचा दाब कमी झाला तर वरून मास्क खाली पडतील, आधी स्वतःचा मास्क लावा आणि मगच शेजारच्या लेकराला मदत करा, असं ती सांगत होती. मला ते अजिबात पटलं नाही. कोणती आई आधी स्वतःच्या नाकाला मास्क लावील? भाचीला तसं बोलूनही दाखवलं. ती हसली. म्हणाली की मावशी, वर हवा इतकी विरळ असते की लेकराचा मास्क बसवता बसवता तूच बेशुद्ध पडशील, मग त्याला कोण बघणार?

घरी आल्यावरही हा विषय डोक्यातून जाईना. विमानात असं संकट खरंच येतं का आणि आलं तर माणसं काय करतात, याचा शोध घ्यायला लागले. वाचता वाचता एक मराठी नाव समोर आलं. कॅप्टन डी. के. जटार. एअर इंडियाचे वैमानिक. एके काळी देशभरातल्या वर्तमानपत्रांत गाजलेलं हे नाव आपल्या पोराबाळांना आज ठाऊक नाही, म्हणून म्हटलं आज त्यांच्याविषयीच लिहावं.

तो काळ डोळ्यापुढे आणा. देश नुकताच स्वतंत्र झालेला. 8 मार्च 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली आणि 8 जून 1948 रोजी तिचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. त्याचं नाव मलबार प्रिन्सेस. विमानांना राजकन्यांची नावं द्यायची पद्धत होती. आपल्या नावाचीसुद्धा एक होती बरं का, मराठा प्रिन्सेस! लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीची ही चार इंजिनांची, मागे तीन शेपट्या असलेली देखणी विमानं होती. आतली हवा दाबाखाली ठेवायची सोय त्यांच्यात होती, त्यामुळे ती उंचावरून, ढगांच्या वरून जाऊ शकत. अशी विमानं समुद्र ओलांडून नेणारे भारतीय कॅप्टन तेव्हा थोडेच होते. त्या थोडक्यांत जटार होते. धोकाही काही कमी नव्हता. तीच पहिली मलबार प्रिन्सेस 3 नोव्हेंबर 1950 रोजी युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळली आणि आतली सगळी 48 माणसं गेली. अशी बातमी ऐकूनही दुसऱ्या दिवशी गणवेश चढवून कामावर जायचं, असा तो पेशा.

हवेच्या दाबाचं हे प्रकरण मला स्वयंपाकघरातच कळलं. आपला कुकर आठवा. आत दाब जास्त, बाहेर कमी. झाकण आणि रबर घट्ट असेल तोवरच तो दाब टिकतो. रबर सैल झालं की फुस्स! उंचावरच्या विमानाचंही तसंच. बाहेर हवा विरळ, म्हणून यंत्रांनी आत हवा भरत राहायची आणि जास्तीची एका झडपेतून सोडत राहायची. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे साधारण 5,400 फूट उंच आहे. 18,000 फूट म्हणजे एकावर एक तीन कळसूबाई ठेवल्या तरी वर जागा उरेल. तिथे हवेचा दाब जमिनीच्या निम्म्यावर आलेला असतो. श्वास घेतला तरी रक्ताला प्राणवायू पुरत नाही. माणूस आधी गोंधळतो. गंमत अशी की आपण गोंधळलोय हे त्याचं त्यालाच कळत नाही. 18,000 फुटांवर भान टिकायला वीस-तीस मिनिटं तरी मिळतात. हल्लीची विमानं पस्तीस हजार फुटांवरून जातात, तिथे मिनिटभरही मिळत नाही. म्हणून तर आधी आपला मास्क! भाचीचं बरोबर होतं.

तर आता 11 एप्रिल 1955. इंडोनेशियातल्या बांडुंग गावी आशिया आणि आफ्रिकेतल्या 29 देशांची परिषद 18 एप्रिलपासून भरायची होती. आपले पंडित नेहरू जाणार होते. चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय जाणार होते. चीनने आपल्या लोकांसाठी एअर इंडियाचं काश्मीर प्रिन्सेस हे विमान भाड्याने घेतलं. कॅप्टन जटार. सहवैमानिक एम. सी. दीक्षित, दिशा सांगणारे जे. सी. पाठक, विमानाची देखभाल करणारे इंजिनिअर अनंत कर्णिक आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी. असे सगळे मिळून आठ कर्मचारी आणि अकरा प्रवासी. चीनचे प्रतिनिधी आणि पत्रकार, एक व्हिएतनामचा आणि दोन युरोपातले पत्रकार. चाऊ एन लाय मात्र या विमानात नव्हते. त्यांचा बेत बदलला होता, ते नंतर रंगूनमार्गे गेले.

विमान हाँगकाँगला उतरलं, इंधन भरलं आणि भारतीय वेळेनुसार सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा उडालं. त्या थोड्या वेळात विमानतळावर साफसफाई करणाऱ्या एका माणसाने उजव्या चाकाच्या खोबणीत घड्याळाचा बॉम्ब ठेवला होता. विमानातल्या कुणाला याची कल्पना असणार?

पाच तास सगळं सुरळीत चाललं. हवा शांत, खाली निळा समुद्र, विमान 18,000 फुटांवर. आपल्याकडे दुपारचे तीन वाजत आले होते. आपण बायका जेवणं उरकून जरा पाठ टेकतो ना, ती वेळ. तेवढ्यात दबका असा एक स्फोटाचा आवाज झाला. थंड हवा येणाऱ्या नळ्यांतून धूर आत यायला लागला. सामानाच्या जागेत आग लागल्याचा लाल दिवा पेटला. उजव्या पंखावर, तीन नंबरच्या इंजिनाच्या मागे ज्वाळा दिसल्या. केबिनमधला हवेचा दाब जायला लागला.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबा आणि विचार करा. वर आग, खाली समुद्र, आत धूर आणि पाठीमागे बसलेली माणसं आपल्या जिवावर सोपवलेली. आपण काय केलं असतं?

जटारांनी एकेक काम हाती घेतलं. आधी तीन नंबरचं इंजिन बंद केलं, म्हणजे आग त्यात शिरू नये. त्याच्या पंख्याची पाती अशी वळवली की वाऱ्याला अडथळा होऊ नये. उरलेल्या तीन इंजिनांवर विमान सांभाळलं. मग लगेच खाली यायला सुरुवात केली. दाब गेला की पहिला उपाय हाच असतो, भरपूर हवा आहे तिथे खाली यायचं. आग लागली तरी उपाय हाच, शक्य तितक्या लवकर खाली टेकायचं. जवळपास विमानतळ नव्हता, म्हणून समुद्रावरच उतरायचं ठरलं. रेडिओ चालू होता तोवर तीन वेळा संकटाचा संदेश गेला, आपण नातुना बेटांपाशी आहोत हे ठिकाण सांगून. त्यानंतर रेडिओ बंद पडला.

पाठीमागे ग्लोरिया बेरी आणि बाकीचे कर्मचारी लाइफ जॅकेट वाटत होते. प्रवाशांपैकी कुणाला इंग्रजी येत असेल, कुणाला नसेल. धुरात डोळे चुरचुरत असतील. तरी एकेकाला जॅकेट दिलं गेलं. पाण्यात टेकल्यावर बाहेर पडायला वेळ लागू नये म्हणून संकटाची दारं आधीच उघडून ठेवली.

पण संकट कुठे थांबणार? आगीने तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा निकामी केली. पाठोपाठ वीज गेली. अगदी शेवटी दाट धूर वैमानिकांच्या खोलीत शिरला आणि समोरचं काही दिसेना. म्हणजे विमान हाताला नीट वळेना आणि डोळ्यांना समुद्र दिसेना, अशा अवस्थेत जटार ते विमान पाण्यावर उतरवत होते. उजव्या पंखाचं टोक आधी पाण्याला लागलं. विमान नाकावर आपटलं आणि तुटलं.

एकोणीस जणांपैकी सोळा जण गेले. अकराच्या अकरा प्रवासी आणि पाच कर्मचारी. जटार गेले, ग्लोरिया गेली. वाचले तिघे, दीक्षित, पाठक आणि कर्णिक. जखमी अवस्थेत कित्येक तास पाणी कापत ते बेटापर्यंत पोहोचले. पुढे डॅम्पियर या ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने त्यांना उचललं आणि सिंगापूरला नेलं.

हे वाचून झाल्यावर मी कितीतरी वेळ गप्प बसले होते. मग आमच्या बचत गटाच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली. गटातल्या एक आजी पटकन बोलल्या की एवढं सगळं बरोबर करून शेवटी मेलीच की माणसं! मग काय उपयोग त्या शहाणपणाचा?

प्रश्न खरा होता. मलाही लगेच उत्तर सुचलं नाही. उत्तर मिळालं ते पुढचं वाचल्यावर. विमान पडलं की पहिला संशय येतो तो वैमानिकावर आणि दुसरा येतो देखभाल करणाऱ्यावर. जटार तर बोलायला उरले नव्हते. पण ते तिघे उरले. आवाज कसा झाला, धूर कुठून आला, आग कुठे दिसली, कॅप्टनने काय काय केलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. संदेशात ठिकाण कळवलं होतं, त्यामुळे शोध कुठे घ्यायचा हेही जगाला कळलं. इंडोनेशियाने समुद्रातून अवशेष काढले, त्यात बॉम्बच्या घड्याळाचे भाग सापडले. आपल्या सरकारकडून तपासात रामनाथ काव होते, तेच पुढे 1968 मध्ये रॉ या गुप्तचर संस्थेचे पहिले प्रमुख झाले. हाँगकाँगच्या पोलिसांचा संशय ज्या सफाई कामगारावर पक्का झाला, तो तोवर तैवानला पळून गेला होता. त्याला शिक्षा झाली नाही, ही खंत राहतेच. पण दोष यंत्राचा नव्हता, वैमानिकाचा तर नव्हताच नव्हता, हे सिद्ध झालं. पुढे जटार आणि ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर आणि वाचलेल्या तिघांना अशोकचक्राच्या मालिकेतले सन्मान मिळाले. सैन्यात नसलेल्या माणसांना असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. कर्णिकांनी काश्मीर प्रिन्सेस याच नावाचं पुस्तकही लिहिलं. गेलेल्या अकरा प्रवाशांचं स्मारक बीजिंगमध्ये आहे.

जटारांच्या आयुष्यातली बाकीची वर्षं कशी गेली, ते मी आज लिहीत बसले नाही. माणसाने आयुष्यभर काय कमावलं ते कधी कधी अर्ध्या तासात दिसतं. इतकी वर्षं केलेला सराव, लावून घेतलेली शिस्त, हे सगळं त्या वेळी त्यांच्या हातात होतं. म्हणून हात थरथरले असतील तरी कामाचा क्रम चुकला नाही.

आता माझी गोष्ट सांगते. ही मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही.

सहा वर्षांपूर्वी पहाटे आमच्या सासूबाई मोरीतून येताना भिंतीला धरून खाली बसल्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं बोबडं, उजवा हात उचलेना. मी समाजकार्य करणारी बाई, गावोगावी आरोग्याची शिबिरं भरवणारी! पण त्या वेळी माझं डोकंच चालेना. आधी मी खोबरेल कोमट करून हाताला चोळलं. मग चहा पाजायला गेले, तो त्यांना गिळता येईना. मग पुण्याला नणंदेला फोन, मग नगरला दिरांना फोन, मग रडारड. घरात तांदूळ ओवाळून टाकले, दृष्टही काढली. मिस्टर शेतावर पाणी द्यायला गेलेले, त्यांना बोलावणं धाडलं. 108 नंबर लावायचं सुचलं तेव्हा दीड तास उलटून गेला होता. अर्धांगवायूत पहिले साडेचार तास सोन्याचे असतात, त्यातही जितकं लवकर तितकं बरं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. गाव ते शहर या प्रवासात आमचे उरलेले तासही गेले. सासूबाई वाचल्या, पण उजवा हात गेला तो गेलाच. त्याच हाताने त्या मला पुरणपोळी लाटायला शिकवायच्या.

त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. माझ्या मनाला मात्र ते टोचत राहिलं. मी त्या पहाटे काही कमी धावपळ केली नव्हती हो. उलट नुसती धावतच होते. चुकला तो क्रम. जे पहिलं करायचं ते मी सगळ्यात शेवटी केलं. जटारांची गोष्ट वाचली आणि हे मला स्वच्छ कळलं. त्यांनी रेडिओ चालू होता तोवर संदेश पाठवला. माझा फोन तर सगळा वेळ चालूच होता!

असे प्रसंग विमानात आजही येतात. 20 सप्टेंबर 2018 रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका विमानात हवेचा दाब राखणारं बटण सुरू करायचंच राहून गेलं. मास्क खाली आले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं. विमान मुंबईला परत आलं आणि सगळे वाचले. आपल्यापैकी कुणी कधी विमानात बसली आणि मास्क खाली पडला, तर एवढं लक्षात ठेवा. आधी मास्क जोरात खाली ओढा, ओढल्यावरच प्राणवायू सुरू होतो. नाक आणि तोंड दोन्ही झाकून रबर डोक्यामागे घ्या. मग लेकराचा लावा. पिशवी फुगली नाही तरी घाबरू नका, प्राणवायू येतच असतो. पट्टा बांधून ठेवा. विमान एकदम खाली जायला लागलं तर ते पडतंय असं समजू नका, वैमानिक आपल्याला दहा हजार फुटांपर्यंत, हवा पुरेल तिथे घेऊन चाललेला असतो. मास्कमधला प्राणवायू साधारण बारा-पंधरा मिनिटं पुरतो आणि तेवढ्यात विमान खाली येतं.

आणि ज्या विमानात बसणार नाहीत, त्यांच्यासाठीही यात आहेच की. आमच्या गटातल्या आजींनी शेवटी एक शंका काढली. आधी आपला मास्क म्हणता, मग त्या ग्लोरियाने दुसऱ्यांना आधी जॅकेट का वाटली? मला वाटतं, दोन्हींत विरोध नाही. आपला मास्क आधी लावायचा तो स्वतःचा जीव लाडका म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या कामी यायचं म्हणून. ग्लोरिया शुद्धीवर होती, भानावर होती, म्हणूनच तिचे हात दुसऱ्यांपर्यंत पोहोचले. आपण बायका सगळ्यांत शेवटी जेवतो, दुखणं अंगावर काढतो, रक्त तपासायला शिबिरात नाव दिलं तरी ऐन वेळी शेतावर निघून जातो. आणि घरावर वेळ आली की आपणच आधी कोलमडतो.

आमच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या वर भिंतीवर, मी आता एक कागद चिकटवलाय. मोठ्या अक्षरात. पहिलं 108. दुसरं गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर. तिसरं आजारी माणसाला एका कुशीवर झोपवायचं आणि तोंडात काही घालायचं नाही. चौथं, किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवायचं. नातेवाइकांना फोन त्याच्यानंतर. गटातल्या बावीस जणींनी तो कागद उतरवून नेला. कुणी दाराला लावला, कुणी पिठाच्या डब्याला.

कागद लावताना सासूबाई बाजेवर बसून बघत होत्या. त्यांनी डाव्या हाताने खूण करून विचारलं की हे काय? मी त्यांना काश्मीर प्रिन्सेसची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग त्याच डाव्या हाताने कागदाचा सुटलेला कोपरा भिंतीवर दाबून धरला आणि मला चिकटपट्टी आणायला सांगितलं.